स्वस्त विमानाचे जाणकार

माझ्यासारख्याने मोठ्यांबद्दल लिहू नये, माफ करा. ठाकुर्लीत आमच्या बिल्डिंगखाली एक काका रोज पेपरची घडी मांडीवर आपटत ज्ञान वाटतात. बंगळूरला माझ्या पदवीदानाला आई स्वस्तातल्या विमानाने येणार होती. मी सुट्टीत घरी असताना काकांनी तिला खाली गाठलं.

"वहिनी, स्वस्तातली विमानं भंगारातली. पेट्रोलपण अर्धंच भरतात."

सुरक्षेचे नियम सगळ्यांना सारखेच असतात, या कंपन्या जेवणाचे, सामानाचे वेगळे पैसे घेऊन भागवतात, असं मी चाचरत सांगितलं.

"शिकलास रे, पण जग कुठे बघितलंस?"

आई आलीच नाही. घरातला पहिला पदवीधर फोटोत एकटाच उभा आहे.

काल आईकडूनच कळलं, काका सगळ्यात स्वस्त तिकिटावर गोव्याला जाऊन आले. विमानात चहा फुकट मिळाला नाही, एवढीच त्यांची तक्रार आहे.