बाहीचं तोंड मोकळं ठेवणारी जाळी

अन्याय माझ्या आत्यावर झाला. गेल्या थंडीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, भोरच्या एका दवाखान्यात. चढ चढताना छाती आवळते, डावा हात भरून येतो, असं तिनं सांगितलं. तिला पित्ताची गोळी मिळाली. ईसीजी काढलाच नाही. वर डॉक्टरांनी ऐकवलं, "बायकांना होतं असं." आणि मी, आरोग्यहक्काची पत्रकं वाटत फिरणारी तिची भाची, घरी येऊन तिला ओवा चावायला दिला. तेही इथं लिहिते.

मार्गासनी गावात आत्या ब्लाउज शिवते. चौथ्या दिवशी मशीनवरच ती घामानं निथळली. या वेळी मी त्याच दवाखान्यात भांडून ईसीजी काढायला लावला. पट्टीवर हृदयविकाराचा झटका दिसला. तासाभरात आम्ही पुण्याच्या वाटेवर होतो.

पुण्यातल्या हृदयाच्या डॉक्टरांनी कागदावर रेघा ओढल्या. हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीला जिथं फांदी फुटते, नेमका तिथंच अडथळा होता. "वाहिनी उघडी ठेवायला आम्ही आत जाळी बसवतो, स्टेंट. नेहमीची जाळी फांदीच्या तोंडावरून जाते, कधी फांदी दबते. ही खास फाट्यासाठी बनवलेली. फांदीकडं मोकळी राहते."

आत्या कागद निरखत म्हणाली, "म्हंजी आंगाची शिवण घालताना बाहीचं तोंड शिवून टाकायचं न्हाई."

"अगदी तेच, मावशी."

"मग आदी सांगायचं व्हतं. ते म्या चाळीस वर्सं करते. तुमी किती बाह्या शिवल्यात?"

"बऱ्याच," डॉक्टर हसले. मला हसू येईना. ती वाचेल का, एवढंच डोक्यात होतं.

मनगटातून तार आत गेली. आत्या सगळा वेळ जागी. नंतर त्यांनी मला पडद्यावर दाखवलं. आधीच्या चित्रात रक्ताची काळी धार फाट्याशी येऊन दोऱ्याएवढी होत होती. फांदी जवळजवळ दिसतच नव्हती. मग जाळी बसल्यानंतरचं चित्र. दोन्ही धारा भरून सुटलेल्या, ठोक्यागणिक हलणाऱ्या. बोटाच्या पेराएवढी ती जाळी. चालत्या हृदयात, ते न थांबवता, कुणीतरी बाही बसवली होती! पत्रकांत मी शब्दांचा मारा करते. त्या पडद्यापुढं "पुन्हा दाखवा" एवढंच म्हणत राहिले.

"पत्रकात शिव्या घालशील ना?" खाटेवरून आत्या.

"घालणार."

"घाल. पन जाळीचं बी लिव्ह. आन् तुज्या ओव्याचं."

लिहिलं. माणसाला एवढं जमतं, आणि छातीला चार वायरी लावणं जमत नाही? तुमच्या घरातली बाई छाती आवळते म्हणाली, तर तिला लगेच न्या. आणि ईसीजीची पट्टी निघाल्याशिवाय त्या दवाखान्यातून हलू नका.