घरचं पाणी घेऊन रॉकीजकडे

माझ्या नवऱ्याला ट्रेलर ओढण्यातलं सगळं कळतं, फक्त ओढता येत नाही. माझं उलट आहे. त्यामुळे आमच्याकडे गाडी मी चालवते आणि तो बाजूला बसून ज्ञान देतो. ही व्यवस्था उत्तम चालली आहे असं मी म्हणणार नाही, पण चालली आहे.

ट्रेलर घेतला तो सासूबाईंसाठी. त्या परभणीच्या, निवृत्त शिक्षिका. हिवाळ्यात आमच्याकडे कॅनडात, एडमंटनला आल्या, सप्टेंबरात परत जाणार होत्या, आणि जायच्या आधी त्यांना बर्फाचे डोंगर बघायचे होते. त्यांच्या भिशीतल्या एक बाई टूर कंपनीबरोबर स्वित्झर्लंडला जाऊन आल्या होत्या आणि तेव्हापासून विषय भेंडीच्या भाजीचा असला तरी गाडी आल्प्सवर नेत होत्या. "एक फोटो पाहिजे गं मला," सासूबाई म्हणाल्या होत्या. "मी, आणि मागं डोंगर. त्या बाईला पाठवायचाय." त्यांची पंचाहत्तरी उलटून गेलेली, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. पुन्हा एवढा विमानप्रवास होईल असं त्यांनाही वाटत नव्हतं आणि आम्हालाही. म्हणजे डोंगर या उन्हाळ्यात दिसले तर दिसले.

रॉकीजचे डोंगर आमच्यापासून चार तासांवर. मग अडलं कुठे? तर वॉशरूमपाशी. आल्या दिवशी विमानतळावर वॉशरूममधून बाहेर येऊन त्या म्हणाल्या होत्या, "इथं पाणीच नसतं की गं!" झालं. एवढ्या एका वाक्यावर नवऱ्याने कायदा केला: आईला बाहेरचं वॉशरूम चालत नाही. कोणी जेवायला बोलावलं की हा फोनवर सांगायचा, "आईचं जरा बाहेर अवघड होतं." देवळात नेलं तर आरती संपायच्या आत घरी. सासूबाईही काही बोलत नसत. खिडकीशी बसून मालिका बघायच्या.

तेव्हा वॉशरूमच बरोबर घेऊन जायचं असा तोडगा निघाला, आणि आम्ही एक जुना, छोटा ट्रेलर घेतला. आत एक पलंग, रात्री पलंग होणारं एक टेबल, दोन बर्नरची शेगडी आणि कोपऱ्यात कपाटाएवढं वॉशरूम. त्यात आधी बसायचं आणि मग दार लावायचं. क्रम चुकला तर दोन्ही होत नाही. बर्नाबीला शिकणाऱ्या मुलीला फोटो पाठवला, तर तिचं उत्तर आलं, "मॉम, इट्स अ टॉयलेट विथ अ बेड." आमचा उद्देश तिला न सांगताच कळला होता.

ओढायला आमची पिकअप होती, मधल्या आकाराची. आमच्या गल्लीत घरोघरी जे ट्रक उभे असतात त्यांच्यापुढे ती लग्नातल्या करवलीसारखी दिसते. ट्रेलर विकणारा म्हणाला होता, आरामात ओढेल. पण नवरा असल्या शब्दांवर विश्वास ठेवणाऱ्यातला नाही. गाडीच्या दाराच्या आत एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. शिवाय ट्रेलरचं पुढचं टोक गाडीच्या पाठीवर टेकतं, तो भारही त्यातच धरायचा. हे सगळं वाचून तो बाथरूममधला वजनकाटा घेऊन हॉलमध्ये आला.

"सगळ्यांनी चढायचं."

"मी नाही चढणार," मी म्हटलं.

"अगं, सेफ्टीचा प्रश्न आहे!"

"मग तुझ्या अंदाजापेक्षा दहा किलो जास्त धर. पण आकडा तोंडाने बोललास तर गाडी तूच चालव."

त्याने आकडा मनातच धरला. सासूबाई मात्र पर्स, शाल आणि चिवड्याचा स्टीलचा डबा घेऊन काट्यावर चढल्या. "हे पण येणारच ना सोबत? मग हे पण मोज." सगळ्या घरात शास्त्रशुद्ध वजन झालं ते त्यांचंच.

मग काटछाट सुरू झाली. आमच्या घरात सामान भरण्याचं एकच तत्त्व आहे: लागलं तर असावं. त्या तत्त्वावर दोन कुकर, पोळपाट, आल्याची किसणी आणि पाच किलो तांदूळ भरला गेला होता. नवऱ्याने एक कुकर काढला, माझी दोन पुस्तकं काढली, आणि स्वतःचा टूलबॉक्स ठेवला. मी ते लक्षात ठेवलं.

निघायच्या दिवशी सकाळी बघते तर हा अंगणातला होज लावून ट्रेलरची पाण्याची टाकी भरतोय. अगदी काठोकाठ.

"कॅम्पग्राउंडवर नळ आहे ना?"

"आईला पाणी बदललं की बाधतं."

"असं आई म्हणाल्या?"

"म्हणायला कशाला पाहिजे?"

चहा व्हायच्या आधी मी वाद घालत नाही. आम्ही निघालो.

शहर मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे हायवेवर शेजारून एक भला मोठा ट्रक गेला आणि आमच्या ट्रेलरने शेपूट हलवलं. आधी थोडं, मग जास्त, आणि मग पिकअपचं बूडही त्याच्याबरोबर डावी-उजवीकडे जायला लागलं. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण गाडी कोण चालवतंय हे मला सांगता आलं नसतं.

"ब्रेक!" नवरा ओरडला. "ब्रेक नको! ब्रेक नको!"

मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारी डॅशबोर्डखालची कळ दाबली. ट्रेलर आणखी दोनदा डोलला आणि सरळ झाला. मी घाबरले होते, चांगलीच घाबरले होते. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "इथले रस्ते पण आपल्याकडल्यासारखेच आहेत म्हणायचे."

हळूहळू रांगत रांगत पुढच्या रेस्ट एरियात शिरलो. तिथे चार टेबलं, कुंपणाला लागून नवीन लावलेली सूचिपर्णी रोपं आणि पलीकडे एक लाकडी टॉयलेट. नवरा ट्रेलरखाली आडवा झाला आणि तिथूनच ओरडला, "पाणी!"

मी बाटली पुढे केली.

"प्यायचं नाही गं! टाकी! टाकी चाकांच्या मागे आहे, सगळा भार मागे गेलाय. म्हणून तो डोलतोय. एक लिटर म्हणजे एक किलो!"

इंजिनिअर माणूस. माझी पुस्तकं काढणारा, चिवडा मोजणारा. आणि पाण्याचं वजन धरायला विसरला होता. मला खूप बोलायचं होतं. मी फक्त "वा" म्हटलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर एवढ्याने भागतं.

त्याने टाकीखालचा नळ सोडला. पाण्याचा आवाज ऐकून सासूबाई गाडीतून उतरल्या, आणि त्यांचे गुडघे आजवर कधी चालले नव्हते त्या वेगाने आल्या.

"काय करायलास रे?"

"सोडून द्यावं लागेल, आई. वजन होतंय."

"चांगलं प्यायचं पाणी मातीत? बंद कर आधी!"

परभणीला त्यांच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा तुळशीला जातं. नवऱ्याने मुकाट्याने नळ बंद केला. त्यांनी कुकर आणला, पातेली आणली, आणि भरायला सुरुवात केली.

"आई, भांड्यात भरलं तरी वजन तेवढंच!"

"मग कपडे धुऊन टाकू या का?" मी सुचवलं. मला मजा वाटायला लागली होती.

"ते पाणी सिंकमधून खालच्या टाकीत जातं," तो रडवेला होऊन म्हणाला. "ट्रेलरच्या बाहेर जातच नाही."

सासूबाईंनी चहूकडे नजर फिरवली. मग खुर्ची मागवली, नळाशी बसल्या आणि वर्ग ताब्यात घेतला. मुलाच्या हातात कुकर दिला आणि त्याला रोपांकडे पिटाळलं. एकेका रोपाला एकेक कुकर. एक म्हातारं गोरं जोडपं कुत्रा घेऊन फिरत होतं. त्या कुत्र्याला पातेलं मिळालं. एका पंजाबी ट्रकवाल्याला हाक मारून त्याचा कॅन भरून दिला. "माताजी, पीने का है ना?" त्याने विचारलं. "घरका पानी है, ले लो," त्या म्हणाल्या, जणू परभणीहून आणलं होतं. जाताना तो त्यांच्या पाया पडला. नवऱ्याच्या फेऱ्या चालूच होत्या. माझ्या पुस्तकांचा हिशोब मी तिथे चुकता झाला असं समजले.

टाकी रिकामी झाली. घामाघूम नवरा टेबलाशी येऊन बसला आणि म्हणाला, "परत फिरू या."

"का?"

"आता ट्रेलरमध्ये पाणी नाही. म्हणजे वॉशरूम नाही. कॅम्पग्राउंड अजून दोन-अडीच तास. आईला जमणारच नाही."

मी भडकले. एवढं सगळं करून परत? त्या सप्टेंबरात जाणार, पुन्हा कधी येणार? तो म्हणाला, मग तूच सांग काय करायचं. आमचं चांगलंच जुंपलं. हायवेवरच्या ट्रकांपेक्षा आमचा आवाज मोठा झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की खुर्ची रिकामी आहे.

सासूबाई त्या लाकडी टॉयलेटचं दार उघडून बाहेर येत होत्या. हातात पाण्याची बाटली.

"आई! तू तिथे गेलीस?"

"मग कुठं जाऊ? तुझ्या त्या कपाटात गुडघा वळत नाही माझा. काल घरीच बसून बघितलं मी."

"पण तुला बाहेरचं चालत नाही ना?"

"कोण म्हणालं?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

"जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला माझा. तिथं काय होतं? एक बाभूळ होती, आणि राखण करायला दुसऱ्या बाई उभ्या राहायच्या."

"मग इतके महिने बोलला का नाहीत, आई?" मी विचारलं.

त्या बाटलीचं झाकण लावत राहिल्या. "हा सगळ्यांना फोनवर सांगायचा ना, आईचं बाहेर अवघड होतं म्हणून. मला वाटलं, तुम्हालाच मला कुठं न्यायचं नाही. निमित्त काढलंय. कामाची माणसं तुम्ही. म्हटलं, कशाला आपण अवघडून टाकायचं?" मग ट्रेलरकडे बघून म्हणाल्या, "हे आणलंत तेव्हा वाटलं, आता नेतील बहुतेक."

रागाने बोलल्या असत्या तर परवडलं असतं. नवरा खाली मान घालून कुकरचं झाकण पुसत बसला, आणि ते कधीच कोरडं झालं होतं.

पुढे निघालो. रिकामा ट्रेलर शहाण्यासारखा मागून येत होता. सासूबाई तोंड उघडं टाकून झोपल्या. तासाभराने समोर ढगांसारखं काहीतरी दिसायला लागलं आणि ते ढग नव्हते. निळसर कडे, वर पांढऱ्या रेघा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना.

नवऱ्याने मागे वळून पाहिलं. "झोपू दे तिला," तो कुजबुजला. "दमलीय. मध्येच उठवलं तर तिला—"

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग हात मागे नेऊन त्याने सासूबाईंच्या गुडघ्यावर ठेवला.

"आई, डोंगर दिसायला लागलेत. उठायचंय, का झोपायचंय?"

त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ त्या काचेला कपाळ टेकवून बघत राहिल्या.

"असलं कुणी विचारतं का, लेकरा?" त्या म्हणाल्या. मग बाहेर बघतच, हळूच: "पण विचारत जा."