मिठागरातल्या बाईचा शर्ट

"तुमच्यात असंच नेसतात ना?" सौमित्रने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

पडद्यावर एक बाई. कमरेला चिंधीभर लुगडं, छातीवर ओला तुकडा, हातात मीठ ओढायचं फावडं. खाली लिहिलेलं, मिठागराची राखणदार. ते पात्र मी लिहिलेलं. माझ्या आईवरून.

टेबलाभोवती बसून फासे टाकायचे, आपापलं पात्र जगायचं, असा आमचा खेळ. डोंबिवलीत, सौमित्रच्या हॉलमध्ये, दर रविवारी. आता त्याचं मराठी पुस्तक काढायचं ठरलेलं. चित्रं सौमित्रची, मिठागराचा भाग माझा. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. छापलेलं पहिलं नावही माझंच होणार होतं. बाबांनी अर्ध्या गावाला सांगून ठेवलेलं.

आईचा फोटो मीच दिलेला, कपडे नीट यावेत म्हणून. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, वरून बाबांचा जुना फुल शर्ट, डोक्याला फडकं. आई सांगते, "उघऱ्या आंगानी मिठान गेली तं चामरी सोलल."

"शर्ट कुठे गेला?" मी विचारलं.

"अगं, फॅन्टसी आहे. शर्ट घालून कोण लढतं?"

ऋचा, खेळातली दुसरी मुलगी, हसली. "चिल ना. हॉट दिसतेय की."

मी लाजाळू नाही. मांड्यांपर्यंत लुगडी खोचून राबणाऱ्या बायकांत वाढलेय. उघड्या अंगाची मला शिसारी नाही.

मी बाकीची चित्रं बघितली. राजकन्या गळ्यापासून घोट्यापर्यंत भरजरी. राजगुरूची मुलगी दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन. उघड्या दोघीच. मिठागरातली आणि जंगलातली.

राजकन्येवर बोट ठेवलं. "हिचा पदर का नाही रे घसरला?"

"अगं, ती राजकन्या आहे."

सहज बोलला. त्यात काही वावगं आहे हे त्याला दिसलंच नाही. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

"शर्ट घाल तिला. नाहीतर माझा भाग छापायचा नाही."

"एका शर्टासाठी पुस्तकातलं नाव घालवणार?"

"हो."

घरी येऊन बाबांना सांगितलं, नाव येणार नाही. का, तेही सांगितलं. आईसमोर. ती उठून आत गेली.

काल सौमित्रचा मेसेज आला. थोडं झाकतो म्हणे, चालेल का?

थोडं.

आमच्या बायका किती उघड्या दाखवायच्या, याची घासाघीस करायला मी त्या टेबलावर पुन्हा बसणार नाही.