इलेक्शन लागलं का?

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. भंडाऱ्यात आम्ही संगणकवेड्यांचा मेळावा भरवायचो आणि मी त्याचा अध्यक्ष होतो. त्यात एक ताई होती, ती नाकाडोंगरीहून स्कूटीवर यायची आणि हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागायची. शाळकरी पोरालाही "का जी" म्हणायची. कुणाचा प्रोग्राम चालला की उभी राहून टाळ्या वाजवायची, मग अख्खा हॉल उठायचा.

एकदा एका वक्त्यानं पोरींच्या अकलेची टिंगल करणारं चित्र पडद्यावर लावलं. तिनं गावाकडून आणलेल्या मुलींनी माना खाली घातल्या. ती तडक उठली आणि प्रोजेक्टरची वायरच उपटली.

"ह्या पोरी पुन्हा येतीन का जी? आपल्याले आचारसंहिता पायजे!"

"काहून बाई, इलेक्शन लागलं का?" मी म्हणालो. हॉल हसून हसून लोळला.

ती मात्र फळ्यावर भराभर नियम लिहू लागली. काय वाद पेटला! खुर्च्या सरकल्या, निम्मे लोक तिच्या बाजूला गेले. मी "पुढच्या वेळी पाहू" म्हणून विषय मिटवला. त्या मुली परत आल्या नाहीत.

पुढे तेच नियम आम्ही लावले. लोक ते माझे समजतात. ते तिचे आहेत.

परवा तुमसरच्या बसस्टँडवर ती भेटली. "सर, माह्या पोरीनं धानाचा रोग ओळखणारं अ‍ॅप बनवलं जी!" ती हातवारे करत सांगत होती.

"ताई, त्या दिवशी मी..."

"कोणत्या दिवशी जी?"

"काही नाही. पोरीले शाबासकी देजा."