निवेदकाचे आठ दात

लग्न असो, दुकानाचं उद्घाटन असो की शोकसभा, उदगीर आणि आसपासच्या चाळीस-पन्नास गावांत माइक गुरुलिंग स्वामीच्याच हातात असायचा. आवाज असा, की मांडवाच्या शेवटच्या रांगेत पेंगणारी म्हातारीही सावरून बसावी. माइक मात्र तो ओठांना चिकटवून धरायचा. लोकांना ती त्याची लकब वाटायची. खरं कारण दातांचं होतं.

बाहत्तरच्या दुष्काळात त्याच्या बोरतळवाडीच्या विहिरी आटल्या, तेव्हा गावात खोल बोअर मारून हापसा बसवला गेला. गाव तगलं. गुरुलिंग त्याच वर्षीचा. तो आणि त्याच्या पुढेमागे जन्मलेली पोरं त्या हापशाच्या पाण्यावर वाढली, आणि दुधाचे दात पडून नवे आले ते तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचे. पाण्यात फ्लोराईड जास्त आहे हे कळायला वीस वर्षं गेली. तोवर सोयरीक घेऊन आलेली माणसं मुलीला नाव विचारायच्या आधी म्हणायची, "जरा हास बरं, बाई."

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. त्याचा जल्लोष उदगीरच्या चौकात कर्ण्यावरून ऐकताना दहा वर्षांच्या गुरुलिंगने ठरवलं, आपण असं बोलायचं. बोलायला तोंड उघडावं लागतं, हे नंतर लक्षात आलं.

चाळिशीपर्यंत माइकने त्याला सांभाळून घेतलं. मग कॉलरला अडकवायचे माइक आले, आणि लग्नाच्या शूटिंगमध्ये त्याचं तोंड मोठ्या पडद्यावर दिसायला लागलं. एका लग्नात त्याने स्वतःला तसं पाहिलं आणि घरी येऊन जेवला नाही.

"आवाजावर पोट हाय तुमचं," बायको शिवगंगा म्हणाली. "तोंडाकडं कोण बघायलंय?"

"मीच बघायलोय," तो म्हणाला.

लातूरच्या दातांच्या डॉक्टर बिरादारबाईंनी उपाय सांगितला: पुढच्या दातांवर पोर्सलीनचं पातळ कवच चिकटवायचं, नखाच्या जाडीचं. त्याला व्हिनियर म्हणतात. गुरुलिंगने रंगांच्या पट्टीतला सगळ्यांत पांढरा दात दाखवला. बिरादारबाई हसल्या. "स्वामी, तो चारचौघांत फरशीसारखा चमकेल. तुमच्या वयाला शोभेल असा घ्या." वर सहा आणि खाली दोन, असे आठ दात झाले. आरशापुढे उभं राहून त्याने अख्खं स्वागताचं भाषण म्हणून पाहिलं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्याने दातांना राखुंडी लावली. लहानपणापासूनची सवय, आणि घासलं की भांडं चमकतं हा साधा हिशेब. पुढच्या तपासणीत बाईंनी भिंग लावून पाहिलं आणि चांगलंच फैलावर घेतलं.

"पोर्सलीनवर डाग बसत नाही. पण वरची चकाकी खरवडली की बसतो. राखुंडी, मीठ, कोळसा, सगळं बंद. मऊ ब्रश, साधी पेस्ट, हलका हात. कवच आणि दात जिथं जुळतात ना, त्या कडेला पान-चहाचा रंग धरतो. म्हणून पान बंद. चहा प्यायलात की चूळ भरायची. आणि सुपारी, नखं, दोरे, काही दातांनी तोडायचं नाही."

आवाज मोकळा राहतो म्हणून वीस वर्षं खाल्लेलं पान गुरुलिंगने त्या दिवशी सोडलं. खिशात ब्रश आणि पिशवीत पाण्याची बाटली आली. दर सहा महिन्यांनी लातूरला जाऊन दात साफ करून घेणं त्याने एकदाही चुकवलं नाही. शिवगंगा म्हणायची, लग्नातल्या शालूलासुद्धा मी एवढं जपलं नाही.

मग दोन हजार सोळाचा उन्हाळा आला. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं. उदगीरच्या गल्लीत नळ कधी येईल ते कोणी सांगू शकत नव्हतं. एका दुपारी बसस्टँडसमोर चहा पिऊन गुरुलिंगने बाटली उघडली आणि चार चुळा भरून गटारीत थुंकला. शेजारी रिकामी घागर घेऊन त्याच्याच गावची, त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी लक्ष्मम्मा बसली होती. त्याच हापशाच्या पाण्याने तपकिरी झालेली दातांची रांग दाखवत ती म्हणाली, "गुरल्या, माझ्या म्हशीला दे की रं ते पाणी. दात धुऊन काय दुष्काळ हटतो का?"

गुरुलिंगने बाटलीला झाकण लावलं. त्या दिवसापासून तो चहाच प्यायचा बंद झाला. चहा नाही तर चूळ नाही.

त्याच उन्हाळ्यात उदगीर जिल्हा व्हावा म्हणून तहसीलसमोर धरणं सुरू झालं. पुढारी आप्पासाहेब, आणि माइकवर अर्थातच गुरुलिंग. अकराव्या दिवशी वाऱ्याने मंडपावरचा फलक सुटला. तो पुन्हा बांधताना सुतळीची गाठ सुटेना. गुरुलिंगने सवयीने ती दातांत धरून ओढली. बारीक आवाज झाला, आणि पुढच्या दाताचं कवच त्याच्या तळहातावर आलं.

समोर चार-पाचशे माणसं बसली होती. त्याने कवच रुमालात बांधून खिशात टाकलं, कॉलरचा माइक काढला, हातातला मागितला आणि जुन्या सवयीने तोंडाला लावला. दोन वाक्यं बरी गेली. तिसऱ्याला पुढच्या रांगेतून लक्ष्मम्मा ओरडली, "आगं बाई! गुरल्याचा दात पडला!"

मंडप हसला. क्षणभर माइक आप्पासाहेबांच्या हातात द्यावा असं गुरुलिंगला वाटलं. मग त्याने माइक तोंडापासून हातभर लांब धरला.

"पडला न्हाई, मावशे," तो म्हणाला. "उघडा पडला. हा दात बाहत्तरच्या पाण्याचा हाय. तुझाबी त्याच पाण्याचा. ते पाणी तपासून घ्यायला आमच्या वाडीला वीस वर्षं लागली, कारण साहेब बसायचा लांब आणि कागद जायचा हळू. जिल्हा कशाला पायजे म्हणून इचारतात ना? ह्याच्यासाठी पायजे."

हसू थांबलं. दुसऱ्या दिवशी दोन पेपरांत त्याचं हे बोलणं छापून आलं.

संध्याकाळी आप्पासाहेब घरी आले. खुशीत होते. "परवाची सभा मोठी हाय स्वामी. दात तसाच ठेवून या. लई काम केलं त्यानं."

"मी उद्या लातूरला चाललोय," गुरुलिंग म्हणाला. "बसवून घेणार."

"चार दिवसांनी बसवा की. काय बिघडतं?"

"दात माझा हाय, आप्पासाहेब. धरण्याचा न्हाई."

आप्पासाहेबांनी चहा अर्धा ठेवला आणि उठले. परवाच्या सभेत माइक दुसऱ्याच्या हातात होता, त्याच्या पुढच्याही. लातूरला बिरादारबाईंनी कवच तपासलं, तडा नव्हता. साफ करून तेच पुन्हा चिकटवलं आणि बजावलं, "पेपरात तुमचं वाचून, कवच असंच आपोआप निघतं म्हणून माझे दोन पेशंट घाबरले. सुतळीचंही सांगायचं होतं सभेत."

जिल्हा झाला नाही. पाऊस झाला, सप्टेंबरात तर इतका, की पूल वाहून गेले. दिवाळीनंतर आप्पासाहेबांच्या पुतणीचं लग्न निघालं. पत्रिका घेऊन ते स्वतः आले, आणि धरण्याचा विषय दोघांनीही काढला नाही.

"अक्षता सहा वाजता," आप्पासाहेब म्हणाले. "तुम्ही पाचलाच या. पाहुणे बिदरचे हायत, नावं कानडी, दुसऱ्या कुणाला नीट घ्यायला यायची न्हाईत."

गुरुलिंगने पत्रिका उघडली आणि नावं मोठ्याने वाचून पाहायला सुरुवात केली.