ओ निगेटिव्हच्या दोन बाटल्या

"अज्जी, पोटातला व्रण, म्हणजे अल्सर, फुटलाय. रक्त वाहतंय. तुमचा गट ओ निगेटिव्ह, त्याला दुसरं रक्त चालत नाही आणि आमच्याकडं एकही बाटली नाही. घरात कुणाचा हा गट आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

माझा भाचा महेश खाटेजवळच उभा होता. त्याचा गट हाच. कॉलेजच्या शिबिरात त्यानं रक्त दिलेलं मला माहीत होतं. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं गळ्यातल्या माळेकडं बघितलं.

"आत्या, अय्यप्पाची माळ हाय. एक्केचाळीस दिवसांचं व्रत. रक्त दिलं आन् मोडलं तर?"

काळे कपडे, अनवाणी पाय, दोन वेळा गार पाण्यानं अंघोळ. आमच्या वडगावात अशी पोरं गल्लोगल्ली असतात. माळ असताना दाढी करायची नाही, मयताला जायचं नाही, हे मलाही ठाऊक. रक्त द्यायचं नाही असं कुणी सांगितलं, ते त्यालाही सांगता येईना. "गुरुस्वामींना विचारून येतो," म्हणाला. त्याला माळ घालणारे गुरुस्वामी खानापूरकडच्या खेड्यात. त्यांचा फोन लागेना, म्हणून हा बस धरून गेला. मला तोवर रक्ताच्या दोन ओकाऱ्या झाल्या होत्या, आणि हा परवानगी काढायला निघाला.

हे कशानं झालं ते सांगते, कारण बऱ्याच बायका हेच करत असणार. गुडघे दुखतात म्हणून मी दुकानातनं गोळी आणून खायची. मंगळवार-शुक्रवार यल्लम्माचा उपवास. उपाशी पोटी गोळी, वर चहा. दोन वर्षं असं चाललं. मग चार दिवस शौचाला डांबरासारखं काळं झालं. असलं कुणाला सांगायचं म्हणून गप्प बसले. डॉक्टर त्याला मेलिना म्हणतात. पोटातलं रक्त खाली येईपर्यंत काळं पडतं. लाजू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मला न विचारता सुनेनं बाळूला फोन केला. बाळू माझा धाकटा दीर, त्याचाही गट हाच. विणकरांचे माग दुरुस्त करतो. देवाला हात जोडत नाही, अंगारा लावून घेत नाही. घरी घातलेल्या देवीच्या गोंधळात एकदा चार माणसांसमोर मी त्याला म्हणाले होते, "ज्याला देवाचं भ्या न्हाय, त्याच्यावर भरवसा कसला ठेवायचा?" तेव्हापासून मी त्याला नैवेद्याच्या ताटाला शिवू दिलं नव्हतं. तो दर चार महिन्यांनी रक्त देतो, कुणाला जातं ते त्याला कळतही नाही, हे मी ऐकून होते. मला ती मिरवायची हौस वाटायची.

हाताला मागाचं तेल तसंच घेऊन तो आला.

"वैनी, नैवेद्याला माझा हात चालत न्हाय तुमास्नी. रक्त चालंल न्हवं?"

"गप जा आन् दे," मी म्हणाले.

रक्त काढल्यावर तपासायला काही तास जातात, हे धरून चाला. संध्याकाळी बाटली लागली. मग एंडोस्कोपी केली. म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून पोट आतून बघतात. रक्त थांबायला व्रणावर चिमटा लावला. डॉक्टर म्हणाले, "अजून एक बाटली लागणार." बाळू बाही सरकवून उभाच. "पुन्हा माझंच घ्या." एकदा दिलं की तीन महिने देता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी त्याला उडवून लावलं.

गल्लीतल्या बायका तेवढ्यात अंगारा घेऊन हजर. तोंडानं पाणीसुद्धा द्यायचं नाही असं नर्स ओरडतेय, आणि एकीनं तीर्थाचा चमचा ओठाला लावला. मी हात झटकला. ती म्हणाली, "देवानंच बाळूला बुद्धी दिली बघ."

"मग महेशला का दिली न्हाय?" बाळू म्हणाला. "तो तर रोज मागतोय."

आणि लागला देव कसा नाही ते सांगायला. नाकात नळी, हाताला सुई, आणि उशाशी हे कीर्तन. "रक्त दिलंस ते पुरं झालं, डोकं खाऊ नको," म्हणून मी बाळूला आणि त्या तीर्थवालीला, दोघांनाही घालवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महेश आला. मान खाली.

"काय म्हणाले गुरुस्वामी?"

"शिव्या घातल्या. आत्या मरायला टेकलीय आन् मला काय विचारत फिरतोस, म्हणाले. माळ मी घातली, अक्कल पण मीच घालू व्हय?"

पोरगं माझ्या खाटेजवळनं थेट रक्त द्यायला गेलं.

पडल्या पडल्या एकच गोष्ट डोक्यात यायची. माझ्या गळ्यात माळ असती आणि खाटेवर बाळू असता, तर मीही आधी विचारायला गेले असते. कदाचित गेल्यावर परतही आले नसते. हे मी कुणाला बोलले नाही. इथंच लिहिते.

देवापुढं दिवा अजून लावते. उपवास बंद केले. गोळी डॉक्टर देतील तीच, जेवून. परवा सणाला नैवेद्याचं ताट बाळूपुढं धरलं, तर म्हणतो, "तुमच्या देवाच्या भानगडीत मला नका ओढू." एवढा शहाणा. ताट मीच देवापुढं नेलं.

पहिली बाटली न विचारता आली, दुसरी विचारून आली. दोन्हींवर जगले ती मी.