आवाज आला की हात वर

आमचे अण्णा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे. हसनाबादला आणि आजूबाजूच्या खेड्यांत लग्न असो की सप्ता, भोंगा आमचाच. एक मांडवावर, दुसरा पार वेशीजवळच्या लिंबावर चढवलेला. आता मशीनपाशी बसलेल्या माणसाला लिंबावरचा भोंगा वाजून राह्यलाय का न्हाई, ते कळावं कसं? म्हणून अण्णांची रीत ठरलेली. लांबच्या भोंग्याखाली एकानं उभं राहायचं आणि आवाज आला की हात वर करायचा.

ते एक जण म्हणजे मी. रणरणत्या उन्हात. धाकटी बहीण मात्र सावलीला, अण्णांना चिकटून, माईक हातात. ‘हॅलो, हॅलो’ म्हणायचा मान तिचा, कारण तिचा आवाज गोड. माझा म्हणे फाटका. मी तिकडून हात वर करायची आणि बघायची, तर अण्णा तिच्या पाठीवर थाप मारून राह्यलेत. अस्सा जळफळाट व्हायचा! आवाज पोचला म्हणून तिला शाबासकी, आणि पोचला हे सांगणारीला कुणी पाणीसुद्धा विचारत नव्हतं.

पुढं ती शिकली, पुण्याला कंप्युटरच्या नोकरीला लागली. मला दिली गावातच, दोन गल्ल्या सोडून. आई गेल्यावर अण्णांचं जेवणखाण, औषधपाणी, पाय चेपणं सगळं माझ्याकडं आलं. त्याचं मला काही न्हाई. पण तिचा फोन आला की म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलायचा की मला बघवायचं न्हाई. ‘हो हो, बरं हाये, झकास हाये,’ एवढं बोलून फोन ठेवून द्यायचे. आणि मी समोर बसून विचारलं, ‘अण्णा, भाजी वाढू का?’ तर म्हणायचे, ‘काय? मोठ्यानं बोल की जरा.’ उजव्या कानाला तोंड लावून बोंबललं तरच त्यांना ऐकू जायचं.

एकदा मीच तिला फोनवर म्हणलं, ‘कान गेलेत गं यांचे. जालन्याला डॉक्टरला दाखवू म्हणते तर बिलकुल तयार न्हाईत. तू सांग, तुझं ऐकतील.’

‘काही न्हाई गं ताई,’ ती म्हणली. ‘माझ्याशी तर बराबर बोलतात. तूच तोंडातल्या तोंडात बोलत असशील.’

मी! आख्खी गल्ली माझ्या आवाजानं उठते, आणि मी म्हणे तोंडातल्या तोंडात!

त्या दिवाळीला ती कंप्युटरच घेऊन आली. जालन्यापासून जीपमधी खोकं मांडीवर धरून बसल्ती. अण्णांच्या भजनाच्या जुन्या कॅसेटी तिनं मागंच पुण्याला नेल्त्या, त्या सगळ्या त्यात भरून आणल्या, वर दोन काळे स्पीकर. ‘यात लिनक्स हाये ताई, फुकट मिळतं,’ म्हणली. फुकटातलं, तरी कौतुक केवढं! मी सकाळपासून खपून अनारसे तळले होते, त्याला कुणी हात लावला न्हाई. अण्णा खुर्ची ओढून कंप्युटरपुढं बसले ते बसलेच.

भजनाआधी तिला स्पीकर तपासायचे होते. पडद्यावर दोन स्पीकरांची चित्रं आली. माउसचं बटण दाबलं की ज्याचं चित्र त्याच स्पीकरातून एक बाई इंग्रजीत डावा न्हाईतर उजवा म्हणणार. धाकटीनं अण्णांकडं बघून हात उंचावला, स्वतःच्या कानाला बोट लावून खूण केली. जुनी रीत. अण्णा लगेच समजले, हसले.

तिनं बटण दाबलं. अण्णांचा हात वर!

‘बघ,’ ती माझ्याकडं वळून म्हणली, ‘कसं मस्त ऐकू येतंय. आणि तू डॉक्टर डॉक्टर करती.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मी नरडं फोडून राह्यले, आणि ही पेटीतली बाई एकदा बोलली की म्हाताऱ्याला स्वच्छ ऐकू येतं? असं कसं?

तिनं आणखी एकदा बटण दाबलं, आणि आता तिच्या कपाळाला आठी पडली. ‘आवाज उशिरा येऊन राह्यलाय गं,’ ती म्हणली. ‘मी दाबते, तो थांबतो, मंग बोलतो. कुठंतरी अडकतोय.’ तिनं काहीबाही उघडलं, बदललं. मंग आवाज कधी येतो ते पकडायला कान टवकारून बसली आणि बटण दाबलं.

अण्णांचा हात वर गेला. खोली गप्प. आणि मंग कुठं ती बाई बोलली.

मी बघितलं. तिनंबी बघितलं. तिनं पुन्हा दाबलं. आधी हात, मंग आवाज. अण्णांची नजर तिच्या बोटावर होती. बोट हाललं की हात वर. कानाचा काही संबंधच न्हाई.

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. ‘उद्याच जालन्याला नेऊ,’ म्हणली, आणि डोळ्याला पदर लावून मागच्या अंगणात गेली. जिंकले होते मी. ‘घे आता,’ असं अगदी जिभेवर आल्तं.

मी अण्णांच्या उजव्या कानाला तोंड लावलं. ‘ऐकू येत नव्हतं ना काही? मंग हात कशाला वर केला?’

‘येवढ्या लांबून घेऊन आली पोरगी,’ अण्णा म्हणले. ‘न्हाई म्हणलं असतं तर हिरमुसली असती.’

‘आणि मला? मला तर कधी फसवलं न्हाई तुम्ही!’

‘तुला कशाला फसवू?’ त्यांना नवलच वाटलं. ‘तू तर इथंच हायेस.’

दुसऱ्या कुणाचा जीव हे ऐकून निवला असता. माझा न्हाई निवला, जास्तच जळला. पोरगी हिरमुसू नये म्हणून बापानं खोटं बोलावं, तेवढी माया मलाबी पाहिजे होती. एकदा तरी.

मी उठले, स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि तिथून वळून हळूच म्हणले, ‘अण्णा, माझ्यासाठीबी करा की एकदा हात वर.’

अण्णांनी माझे हालणारे ओठ बघितले. त्यांचा हात उचलला गेला आणि कानामागं जाऊन थांबला.

‘काय?’ ते म्हणले. ‘मोठ्यानं बोल की जरा.’